जिन्यातला रिकामा खिळा

३ मार्च, श्रूजबरी

व्हिसाचे फोटो काढून आलो. फार्मसीतल्या मुलीने पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. माझे चार काढावे लागले. हसायचं नाही म्हटलं की मला हसू येतं, त्याला मी काय करू. अरविंदचा पहिल्याच फटक्यात पास. (इथून पुढे नुसतं अ. चौतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं नाव पूर्ण लिहिलं की फॉर्म भरल्यासारखं वाटतं.) ती मुलगी म्हणाली, "वॉव, परफेक्ट न्यूट्रल एक्स्प्रेशन!" अ. खूश. पार्किंगमध्ये मला म्हणाले, "बघ, पहिला नंबर कसा काढतात ते." गाडी मी चालवत होते, त्यामुळे समोरच बघायचं निमित्त मिळालं.

५ मार्च

जानेवारीत डॉक्टरांनी शब्द सांगितला होता, मास्किंग. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडत जातात. माणसाला आत हसू येतं, बाहेर पोचत नाही. अ. तेव्हा म्हणाले होते, "चला, पत्ते खेळायला मोकळा." डॉक्टर हसले, मीही हसले.

आज दुपारी बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. आरशासमोर हसायची प्रॅक्टिस चालली होती. दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर. बोटं सोडली की कोपरे खाली. परत वर. मी आवाज न करता खाली आले आणि कुकर लावला. भातात पाणी जास्त पडलं.

८ मार्च

जिना पुसला. जिन्यातल्या भिंतीवर एकतीस फोटो आहेत, आज नीट बघितले. मी आहे, गौरी तर पाळण्यापासून ग्रॅज्युएशनपर्यंत आहे, दोन्हीकडचे आईवडील आहेत, शेजारच्यांचा कुत्रा दोनदा आहे. अ. एकातही नाहीत. कुत्रा दोनदा! नायगाऱ्याच्या फोटोत माझ्या पायाशी त्यांची सावली पडली आहे, टोपीसकट, तेवढीच काय ती हजेरी. कायम तेच. "मी काढतो, तुम्ही उभ्या राहा." आणि आम्ही मायलेकी उभ्या राहत गेलो.

वरच्या वळणावर एक खिळा रिकामा आहे. घर घेतलं तेव्हाच ठोकलेला, चीनच्या भिंतीच्या फोटोसाठी. ऑफिसात त्यांच्या शेजारच्या क्युबिकलमधला चेन एकोणीस वर्षं लंच टेबलवर त्या भिंतीची वर्णनं करायचा. आमची पोळीभाजी त्याच्या डब्यात, त्याचं मोहरीच्या पाल्याचं लोणचं यांच्या. आता तो रिटायर होऊन बीजिंगला आईजवळ राहायला गेलाय आणि आम्हाला बोलावतोय. एप्रिलमध्ये जायचं नक्की.

त्या खिळ्यावर मला अ. हवेत. हसताना. अजून हसू थोडं तरी बाहेर येतं. पुढच्या वर्षी येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. कॅमेरा मीच शिकणार.

१० मार्च

सांगितलं. म्हणाले, "तू? पंचवीस वर्षं मायक्रोस्कोपमधून पेशी बघितल्यास. आता एकदम चीनची भिंत?"

म्हटलं, "दोन्हीकडे फोकसच करायचा असतो."

उठून कपाटातून कॅमेरा आणला. दिवाळीपासून हात लावला नव्हता. दिवाळीला गौरीचे आणि रांगोळीचे काढले होते, सगळे हलले. तेव्हा बॅगेत भरून ठेवून दिला होता. आज माझ्या गळ्यात पट्टा अडकवला. उजव्या हाताने बक्कल लागेना. मी मदत केली नाही. लागलं शेवटी.

१६ मार्च

पहिला तास, मागच्या अंगणात. बर्फ अजून कोपऱ्यात साचलेला. गुरुजी फार कडक आहेत.

"माणसाचा फोटो काढतेस की इमारतीचा? आधी ते ठरव."

आपल्या लोकांची खोड सांगितली. माणसाला नेऊन अगदी इमारतीच्या दाराशी सावधान उभं करायचं. मग फोटोवाला मागे मागे मागे जाणार, रस्त्यात जाईपर्यंत, कारण कळस आला पाहिजे. "आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये ताजमहाल ओळखू येतो, काका ओळखू येत नाहीत." उपाय सोपा आहे. इमारत राहू दे तिकडे लांब, माणसाला आपल्याकडे बोलवायचं. मग दोघंही मावतात.

हे मला चौतीस वर्षांत का सांगितलं नाही विचारलं. म्हणे, तू विचारलं नाहीस.

१७ मार्च

आणखी नियम, विसरायच्या आधी:
भर दुपारी काढायचा नाही, डोळ्यांखाली खड्डे दिसतात. नाहीतर दाराच्या सावलीत उभं करायचं, तोंड उजेडाकडे.
जवळच्या डोळ्यावर फोकस.
डोक्यातून खांब, झाड, छप्पर उगवता कामा नये.
शटरचा वेग अडीचशेच्या खाली नाही, नाहीतर हललेलं पुसट येतं. "मी हलतो," म्हणाले. सहज म्हणाले, पाऊस पडतोय म्हणावं तसं.

२३ मार्च

बॉस्टनला चायनाटाउनच्या कमानीखाली सराव. दोन दगडी सिंह, वर हिरवी कौलं. काढलेले सत्तरेक. पन्नास फोटोंत अ. च्या डोक्यावर कमानीचं छप्पर बसलंय, लग्नातल्या फेट्यासारखं. बाकीचे बरे आहेत पण त्यात ते रागावलेले दिसतात.

उजवा हात नेहमीसारखा जॅकेटच्या खिशात. "हात काढा ना बाहेर, अवघडल्यासारखं दिसतं." म्हणे, "खिशात हात घातला की माणूस रुबाबदार दिसतो." तो हात थरथरतो म्हणून आत असतो, दोघांनाही माहीत आहे.

नंतर डंपलिंग खाल्ले, व्हेज. अ. नी माझ्यातलेही दोन उचलले. म्हणजे मूड चांगला होता. फोटोंत मात्र रागावलेले.

२ एप्रिल

आज सराव नाही. गोळीची वेळ चुकली, दिवसभर पाय जड. दुपारी झोपले. मी खिडकीतल्या कुंडीचे चाळीस फोटो काढले. कुंडी हलत नाही, हसतही नाही, तरी नीट आली नाही.

१७ एप्रिल, पार्सिपनी

उद्या नूअर्कहून विमान, म्हणून गौरीकडे. दुपारी आयसेलिनच्या देशी दुकानांत जाऊन प्रवासाचा चिवडा, भाकरवडी आणि चेनच्या आईसाठी काजूकतली घेतली.

संध्याकाळी गौरीने स्वतः वांग्याचं भरीत केलं होतं. यूट्यूब बघून, पण छान झालं होतं. अ. खाली मान घालून जेवत होते. दोनदा घेतलं. गौरी सारखी त्यांच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, आर यू मॅड ॲट मी?"

"नाही गं. का?"

"यू लुक सो... आय डोन्ट नो."

"अगं मस्त झालंय भरीत. मी तिसऱ्यांदा घेणार होतो."

ती म्हणाली ओके, ओके. पण उठून किचनमध्ये गेली आणि नळ उगाच बराच वेळ चालू ठेवला. तिला डॉक्टरांचा शब्द माहीत आहे, मी सांगितला होता. शब्द माहीत असला तरी समोर बाप असा बसला की...

अ. ना कळलं. ताटातलं वांगं तसंच राहिलं.

२० एप्रिल, बीजिंग

चेन विमानतळावर आला होता. केस पांढरे, बाकी तोच. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर एवढ्या थापा मारल्या की अ. चा तोल गेला, मग चेनने धरून ठेवलं. त्याला आजाराचं माहीत आहे. काही विचारलं नाही. रस्ताभर जुन्या ऑफिसच्या उखाळ्यापाखाळ्या.

चेनची आई एक्याण्णव वर्षांची आहे. काजूकतलीचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसली. तिचा फोटो मागितला. चेन म्हणाला, विचारून बघतो. म्हातारी आधी कंगवा घेऊन आली. खिडकीजवळ, तोंड उजेडाकडे. पहिल्याच फटक्यात चांगला आला. गुरुजींनी मान डोलावली.

२१ एप्रिल

फॉरबिडन सिटी. आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

गर्दी आपल्याकडच्या जत्रेची. लाल भिंतींपाशी तरुण मुली जुन्या राण्यांचे भाड्याचे कपडे घालून, डोक्यावर ताटाएवढे मुकुट लावून उभ्या. प्रत्येकीबरोबर एक फोटोवाला. एकाचं बराच वेळ बघत राहिले. तो तिला एकदाही हस म्हणाला नाही. चालायला लावत होता. वळ, मागे बघ, बाही सावर, असं चालू होतं. चेनने भाषांतर करून सांगितलं.

बघितलं खरं पण शिकले काही नाही. अ. ना लाल भिंतीसमोर उभं केलं. भिंतीपासून पुढे आणलं, उन्हात नाही, डोक्यात छप्पर नाही, सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि मग माझं सुरू झालं. हसा. हसा ना. अहो, जरा हसा. असं नाही, मोकळं. शेजारून दिल्लीकडची एक बाई चालली होती, तीही थांबून म्हणाली, "अंकल, स्माइल!" दहा मिनिटं झाली असतील. ऊन चढत होतं. मी ओरडले, चांगलीच ओरडले, "एवढ्या लांब आलोय, एकदा हसायला काय जातं तुमचं?"

अ. म्हणाले, "शैला, मी हसतोच आहे."

हळू आवाजात. तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं.

मी कॅमेरा खाली घेतला. चेन दुसरीकडे बघत होता. नंतर तीन तास काय बघितलं ते सांगता येणार नाही. खूप पायऱ्या होत्या.

मी असं बोलायला नको होतं. जगात कुणीही बोललं असतं तर चाललं असतं, मी नाही.

२२ एप्रिल

सकाळी टेंपल ऑफ हेवन. कॅमेरा हॉटेलवर ठेवणार होते. अ. म्हणाले, "घे. विद्यार्थ्याने एका दिवसात शाळा सोडायची नसते." म्हणजे राग नाही.

देवळाआधी मोठी बाग आहे. तिथे रिटायर लोक पत्ते खेळत होते, गात होते, एक टोळी नाचत होती. आपल्या पार्कातले आजोबा नुसते बाकावर बसून हाडं मोजतात. चेनला दोन आज्यांनी ओढून नाचात घेतलं. अ. बाजूला उभे राहून टाळ्यांचा ताल देत होते. मी देवळाच्या निळ्या छपराकडे पाठ करून तीन-चार काढले. हस म्हटलं नाही. परत कधी म्हणणार नाही.

उद्या भिंत.

२३ एप्रिल

भिंत!!

चेनने अठरा वर्षांपूर्वी लंचच्या वेळी पेपर नॅपकिनवर नकाशा काढून दिला होता. अ. नी तो जपून आणला होता, घड्यांवर फाटलेला. पहिल्या केबल कारने वर जायचं, डावीकडे वळायचं, तिसऱ्या बुरुजापाशी थांबायचं, दहाच्या आत. चेन स्वतःचाच नकाशा बघून चाट पडला.

पायऱ्या लहानमोठ्या, एक घोट्याएवढी तर पुढची गुडघ्याएवढी. अ. ना एका बाजूने मी, दुसरीकडून चेन. दर दहा पायऱ्यांना थांबायचं. दोन बुरूज झाल्यावर मी म्हटलं, इथूनही छान दिसतं. म्हणे, "तिसरा." दीड तास लागला. तिसऱ्या बुरुजाच्या खिडकीतून भिंत डोंगरावरून डोंगरावर चाललेली, खाली जर्दाळूचा शेवटचा पांढरा फुलोरा. अ. कितीतरी वेळ बघत राहिले. वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती.

मग म्हणाले, "चल. इमारत लांब, माणूस जवळ."

उभे राहिले. उजेड मऊ होता. सगळं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि काय बोलावं तेच कळेना. हसा म्हणायचं नाही. नुसतं दाबायचं तर हात पुढे होईना. चेन वाट बघतोय, अ. वाट बघतायत, मागे एक शाळेची रांग खोळंबलेली. आणि माझ्या तोंडून उखाणा गेला! कॅमेऱ्याच्या मागून, मोठ्याने:

"हजार मैलांची भिंत अन् भन्नाट वारा,
अरविंदराव, आता तरी हसा की जरा!"

लग्नात मी उखाण्याची दुसरी ओळ विसरले होते. नागपूरची अख्खी वऱ्हाडी मंडळी बघतायत, पुणेकर गालातल्या गालात, आणि मी नुसतं नाव घेऊन खाली बसले. चौतीस वर्षं त्यावरून चिडवणं चाललं आहे. आज दुसरी ओळ आली.

अ. फुटले. खांदे हलायला लागले, मग आवाज आला, जुना आवाज, डोकं मागे टाकून. पुढच्या दाताचा टवका दिसला, कॉलेजच्या क्रिकेटमध्ये उडालेला. महिनोन्महिने दिसला नव्हता. मीही हसत सुटले, डोळ्यांतून पाणी. बोट दाबलेलंच होतं. चेन विचारत होता, "व्हॉट डिड शी से? व्हॉट डिड शी से?" अ. ना सांगता येईना.

मिळाला. माझा फोटो मिळाला.

२३ एप्रिल, हॉटेलवर, संध्याकाळी

हलला आहे.

सहा आहेत, सहाच्या सहा हलले. अ. हलले म्हणून नाही, शटर बरोबर होतं. भिंतही हलली आहे, डोंगरही. म्हणजे मी हलले. हसताना.

अ. नी लहानशा स्क्रीनवर बघितलं. म्हणाले, "आता कळलं? हात हलला की काय होतं?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

५ मे, श्रूजबरी

परत येऊन आठवडा झाला. झोपेचं गणित अजून उलटं. अंगणात गवत गुडघ्याला लागतंय. भिंतीवरच्या माझ्या सहा हललेल्या फोटोंपैकी त्यातल्या त्यात बरा गौरीला पाठवला. तिने रडक्या चेहऱ्यांची रांग पाठवली. मग, "आई, सो क्लोज!"

११ मे

दुपारी अ. फिजिओथेरपीला. मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि लॅबमध्ये स्लाइड बघायचे तसे बघितले. एका कोपऱ्यातून सुरू करायचं, ओळीने जायचं, काहीही सोडायचं नाही. लॅबमधला पहिला धडा हाच होता, दिसतं ते लिही, वाटतं ते नको.

चेहरा सगळीकडे तोच. लाल भिंतीशी तोच, देवळाशी तोच, डंपलिंगच्या दुकानात तोच. रागावलेला, असं मी म्हणत होते. ते मला वाटलेलं. दिसत काय होतं?

हात. जिथे जिथे मी उभं केलंय तिथे उजवा हात खिशात. बागेत नाच बघताना हात बाहेर. चेनच्या आईशेजारी बसलेत तिथे बाहेर. बॉस्टनला माझ्या ताटातलं डंपलिंग उचलताना बाहेर. केबल कारमधून पहिल्यांदा भिंत दिसली तिथे बाहेर, काचेवर टेकलेला. भिंतीवरच्या सहा हललेल्या फोटोंत तर पार हवेत.

आनंदात असले की हात लपवायचं विसरतात.

परत सुरुवातीपासून बघितलं, खात्री करायला. मग डोकं टेबलावर टेकून रडले. दुःखाने नाही. इतके दिवस हा माणूस माझ्यासमोर हसत होता आणि मी तोंडाकडे बघत बसले होते.

१२ मे

अ. ना सांगायचं नाही. सांगितलं तर मुद्दाम हात बाहेर काढतील, मग काय उपयोग.

१९ मे

आज दिवसभरात चारदा. पेपर वाचताना एकदा. शेजारचा कुत्रा आला तेव्हा. मी पोहे सांडले तेव्हा (!). आणि फोनवर चेनशी बोलताना संपूर्ण वेळ.

१४ जून

गौरीकडून पार्सल. मोठी फ्रेम, वर चिठ्ठी, "बाबांच्या खिळ्यासाठी. हॅपी फादर्स डे." उघडली.

भिंतीवरचा फोटो. स्वच्छ, काचेसारखा. डोंगराची कड न् कड दिसतेय. आणि अ. हसतायत, पूर्ण. फोन केला तर म्हणाली, "आई, आय फिक्स्ड इट! एआयने ब्लर काढला. तीन वीकएंड बसले होते, स्माइल बाबांच्या जुन्या फोटोवरून मॅच केलं." तिच्याकडे कुठला जुना फोटो? म्हणे लायसन्सचा.

पोरीने किती जीव लावून केलंय. मी थँक यू म्हटलं, मनापासून म्हटलं.

फोन ठेवला आणि फ्रेमजवळ गेले. दात सगळे सारखे. टवका नाही. हवेत असलेला हात आता शांत खाली आहे, पाच बोटं व्यवस्थित. छान देखणा गृहस्थ आहे. माझ्या ओळखीचा नाही.

१५ जून

अ. ना फ्रेम आवडली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. मी म्हटलं, "दात बघा, तुमचा टवका बुजवलाय. असे कुठे हसला होतात तुम्ही?"

"असाच हसत होतो," म्हणाले. "आतून असाच."

मी उठून चहा टाकला.

१७ जून

दोन दिवस घरात फार सभ्य बोलणं चाललंय. चहा घेणार का, हो, थँक यू. आमच्याकडे थँक यू आलं की समजावं, भांडण आहे.

आज शेवटी बोललो. मी म्हटलं, मला हललेला लावायचा आहे. तो खरा आहे. त्यात तुम्ही आहात, मी आहे, वारा आहे.

अ. म्हणाले, "शैला, तू मला रोज बघतेस. तुला कळतं. गौरी महिन्यातून एकदा येते. ती जिना चढताना तिला बाप रागावलेला दिसू नये, एवढंच. हललेल्या फोटोत माझं तोंड आहे की ढग आहे हे तिला कळणार आहे का?"

म्हटलं, "पण तो तुम्ही नाही."

"नसेन. पण मला भरीत आवडलं होतं हे तिला सांगणारा आहे."

भरताचं अजून त्यांच्या मनात आहे. मला वाटलं विसरले असतील.

३० जून

फोटोच्या दुकानातून हललेल्याची प्रिंट आणली. तेवढ्याच मापाची, तसलीच फ्रेम. दोन्ही जिन्याच्या पायथ्याशी भिंतीला टेकवून ठेवल्यात. येताजाता दोघंही बघतो. कुणी विषय काढत नाही. काल ते माझ्या फोटोवरची धूळ पुसत होते. आधी त्यांच्यावरची पुसली, मग माझ्यावरची.

१२ जुलै

गौरीला हाताचं सांगावं का? तिला कळलं तर तिला कुठलाच फोटो लागणार नाही. पण ती बघत राहील. आणि अ. ना कळेल की आपल्याकडे बघतायत. मग तो हातही आरशासमोर जाईल, ओठांसारखा.

सांगावं असं सकाळी वाटतं. दुपारपर्यंत नको वाटतं.

८ ऑगस्ट

उद्या गौरी येतेय, चार दिवस. भरीत करणार आहे, वांगी घेऊन येतेय.

सकाळी अ. हातोडी घेऊन जिन्यात उभे. म्हणे, आज लावून टाकू, पोरीने विचारलं तर काय सांगणार. म्हटलं, कुठला? म्हणे, तू सांग. म्हटलं, तुम्ही सांगा. असं पाच मिनिटं. मी म्हटलं, दुसरा खिळा ठोकते, दोन्ही लावू. म्हणाले, वळणावर दोन मावत नाहीत, एक कुत्रा काढावा लागेल. म्हटलं, मग काढू एक कुत्रा. म्हणाले, कुठला?

मी वरच्या पायरीवर बसले. दाराच्या काचेतून सकाळचा उजेड जिन्यात येत होता, माणूस सावलीत, तोंड उजेडाकडे, अगदी गुरुजींच्या पुस्तकातला. कॅमेरा वर खोलीत होता. आणायला गेले नाही. अ. खालच्या पायरीवरून माझ्याकडे बघत होते. चेहरा नेहमीचाच, व्हिसाच्या फोटोतला. डाव्या हातात हातोडी. उजवा हात बाहेर, कठड्यावर, थरथरत होता, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

म्हटलं, "एवढं हसायला काय झालं?"

अ. म्हणाले, "दिसतंय?"

"दिसतंय की."

हातोडी पायरीवर ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसले, हळूहळू, पाच पायऱ्या चढून. कसं दिसलं ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही. फ्रेमा दोन्ही खालीच आहेत. गौरी उद्या अकरापर्यंत पोचेल.